माझा म्हातारा मिक्सर आणि सुभद्रामावशींचा गळा

मोताळ्याला घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ सुरू केला तेव्हा दारावर पाटी लावली : 'येथे रेकॉर्डिंग व मिक्सिंग करून मिळेल.' पहिलं गिऱ्हाईक आलं ते चटणीचं भांडं घेऊन. "पातं फिरून नाही राह्यलं ताई, वायसर गेलं वाटते," असं म्हणत त्या बाईंनी भांडं माझ्या हातात दिलं. मी त्यांना आत नेऊन माझा मिक्सर दाखवला. बाजेएवढा लांब, राखाडी पत्र्याचा, अंगभर बटणं आणि वर काचेच्या दोन मीटरांत दोन सुया. त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि काळजीने विचारलं, "एवढ्या मोठ्यात काय दळता?"

त्यांना जे सांगितलं तेच इथेही सांगते. गाण्याला चार-पाच माइक लागतात. एक गाणाऱ्याच्या तोंडाशी, एक पेटीजवळ, एक ढोलकीजवळ. प्रत्येक माइक म्हणजे एक नळ समजा. सगळे नळ एका हौदात सोडायचे आणि कोणता किती उघडायचा हे एका माणसाने ठरवायचं. नळांची ती रांग म्हणजे मिक्सर आणि तो माणूस म्हणजे मी. हौदात जमलेलं पुढे कॉम्प्युटरात साठवतात. ऐकून त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे चटणीच झाली की हो." तेही बरोबरच आहे.

मिक्सर मूळचा एका सरकारी रेडिओ केंद्रावरचा. मी तिथे तंत्रज्ञ होते. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, श्रुतिका, लोकगीतं, सगळं त्याच्यावरून गेलं आणि नोकरीची बहुतेक वर्षं मी त्याच्यासमोर बसून काढली. पुढे केंद्रावर कॉम्प्युटरची टेबलं आली आणि याला व्हरांड्यात ताडपत्रीखाली ठेवलं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास तो भंगारात निघाला. तांब्यासाठी त्याच्या पोटातले ट्रान्सफॉर्मर उकरून काढणार होते. ते पाहवलं नाही म्हणून मी घेतला. स्टुडिओ वगैरे नंतर सुचलं. आमच्या घरचे निवृत्त शिक्षक आहेत. सारं मोताळा त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. टेम्पोतून मिक्सर उतरवताना सर म्हणाले, "हे घरात आलं तं आपण कुठी राहाचं?"

रेडिओच्या मिक्सरवर गाणी रेकॉर्ड करायची म्हणजे एसटीच्या बसमध्ये वऱ्हाड न्यायचं. जमतं, पण बस आपल्या सवयी सोडत नाही. याची दांडी वर ढकलली की आवाज बंद होतो आणि आपल्याकडे ओढली की उघडतो. सगळ्या जगाच्या उलट. कार्यक्रम चालू असताना कुणाची बाही लागून दांडी पुढे गेली तर आवाज एकदम मोठा होण्यापेक्षा बंद झालेला बरा, असा त्यामागचा विचार. दुसरं म्हणजे माइक उघडला की दारावरचा लाल दिवा आपोआप लागतो आणि खोलीतला स्पीकर आपोआप गप्प होतो. तेव्हा ऐकायचं ते हेडफोनमधून.

रेडिओवाल्याला सगळ्यात मोठी भीती शांततेची. कार्यक्रम चालू असताना आवाज गेला की श्रोत्याला वाटतं आपला सेट बिघडला, आणि साहेबांना वाटतं तंत्रज्ञ झोपला. म्हणून या मिक्सरला वीज पुरवणारे दोन पॉवर सप्लाय असतात. एक गेला तर दुसरा उचलून धरतो. माझ्याकडे आला तेव्हा त्यातला एक मेलेलाच होता. म्हणजे ज्या भीतीसाठी दोन बसवले होते ती भीती तेवढी माझ्या घरी शाबूत आली.

आणखी एक अडचण. आजकाल स्टुडिओत प्रत्येक नळाचं पाणी वेगळ्या बाटलीत भरतात आणि नंतर हवं तसं मिसळतात. माझ्या हौदाला तोट्या दोनच, डावी आणि उजवी. त्यातही गाणाऱ्याचा आवाज डावीकडे आणि सगळी वाद्यं उजवीकडे सोडली तर निदान त्या दोघांचं प्रमाण नंतर बदलता येतं. मी तसंच करते. बाकी एकदा मिसळलं ते मिसळलं. सगळ्यांनी एकत्र बसून एकदम गायचं आणि चुकलं तर पहिल्यापासून.

याची गंमत हिवरा आश्रमाकडच्या एका भजनी मंडळाने पाहिली. मंडळी भाजीपाला पिकवणारी, सकाळचा माल बाजारात घालून आलेली. त्यांच्याबरोबर लग्नात साउंड लावणारे एक गृहस्थ होते आणि त्यांना माझ्या कामाची फार काळजी वाटत होती. गाणं सुरू झालं तेव्हाच बाहेर डीपीवर काम करणारा लाइनमन वीज बंद करायला निघाला, म्हणून त्याला थांबवायला मी बाहेर गेले आणि गाणं संपेपर्यंत त्याच्याशीच अडकले. तेवढ्यात या गृहस्थांना बुवांचा आवाज कमी वाटला. त्यांनी सगळ्या दांड्या मोठ्या आपुलकीने वर ढकलून दिल्या. मंडळी डोळे मिटून, टाळ कुटून, घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लावा." लावलं, तर सुरुवातीला दोन ओळी आणि मग काही नाही. सगळे त्या शांततेकडे कान लावून बसले. शेवटी पखवाजवाले म्हणाले, "काही म्हणा, पहिल्यापेक्षा शुद्ध आलं बे." सगळे हसले आणि पुन्हा गायला बसले. त्यांचे गळे शाबूत होते, दुसऱ्यांदा गाता येत होतं, म्हणून ती गंमत.

आता सुभद्रामावशींचं सांगते.

दुसरबीडहून गौतम नावाचा मुलगा आला होता. मुलगा म्हणजे चाळिशीचा, रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवणारा. जय भीम झाल्यावर त्याने मोबाइल काढून आईची गाणी ऐकवली. सुभद्राबाई. त्या भागात बाबासाहेबांची जयंती असो की बुद्धपौर्णिमा, यांचं गाणं झाल्याशिवाय लोक उठत नसत. नवरा किसनराव रस्त्याच्या कामावर मजूर. तो गाणी रचायचा, ही गायची. तो जाऊन बरीच वर्षं झाली. गाणी कुठे लिहिलेली नव्हती, बाईंच्या तोंडात होती तेवढीच. मोबाइलमधल्या प्रत्येक तुकड्यात टाळ्या, शिट्ट्या, पोरांचं रडणं सगळं होतं आणि त्याच्या मागे कुठेतरी, विहिरीतून यावा तसा, एक आवाज होता.

"नीट रेकॉर्ड करायचंय मॅडम," गौतम म्हणाला. "आईच्या गळ्यात, आवाजाच्या जागीच गाठ निघालीय. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणले, गाठ काढू, पण आवाज राहील न राहील, सांगता येत न्हाई."

"कधी आहे ऑपरेशन?"

"पुढल्या आठवड्यात."

मी हो म्हटलं. त्यानंतर मी नीट जेवले असं सर म्हणत नाहीत.

मावशी आल्या त्या दिवशी ऊन सकाळीच तापलं होतं. उंच, सडपातळ बाई, पांढरं पातळ, बोलणं घोगरं. त्यांच्याबरोबर पेटीवर भास्करदादा आणि ढोलकीवर त्यांचे भाऊ. भास्करदादांनी तीस-एक वर्षं मावशींना साथ केलेली. आता एका कानाने कमी ऐकू येत असल्याने ते पेटी अशी दाबायचे की जणू ती ऐकण्याची जबाबदारी पुढच्या गावावर आहे. गौतमने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सकाळी थोडा वेळ आवाज चांगला असतो. चार-पाच गाणी. मग बसतो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत उठत न्हाई."

कूलर बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. दार लावलं. भास्करदादांनी पेटीवर काळी चारचा सूर धरला, म्हणजे मावशींची आयुष्यभराची पट्टी. मावशींनी पहिली ओळ घेतली. घोगरेपणाच्या आत अजून तो आवाज उभा होता. दुसऱ्या कडव्याला डावीकडची सुई एकदम थरथरली आणि हेडफोनमध्ये कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज झाला. मग थांबला. मग पुन्हा. डावी तोटी, म्हणजे नेमका मावशींचा आवाज. मी गाणं थांबवलं, तारा हलवून पाहिल्या, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तडतड. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा वरचा सूर लावताना मावशींचा गळा चिरकला आणि नुसता वारा आला.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पदराने तोंड पुसलं आणि हाताने खूण केली, झालं. त्या दिवसाचा आवाज संपला होता आणि माझ्याकडे एकही गाणं नव्हतं.

"ती छोटी डबी आहे ना तुह्यापाशी," सर म्हणाले. "त्याच्यावर घे. आजकाल सारे त्याच्यावरच घेतात. काऊन जीव टांगणीले लावून राह्यली?"

डबी म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं हातात मावेल एवढं यंत्र, एका माइकचं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. सरांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी डबी आणि तिच्यासोबतचा नवा माइक जोडला आणि मावशींना म्हटलं, "आधी चार ओळी म्हणा, तुम्हालाही ऐकवते." त्यांनी म्हटल्या. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आपला आवाज असा जवळून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्या नव्या माइकात आणि डबीत काहीही लपत नाही. गळ्यातली प्रत्येक खरखर पत्र्यावर खिळा ओढावा तशी वर आली होती. मावशींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्यो मपला आवाज हाय?"

मी मान हलवली.

"गौतम, घरी चल. हे ठिवून जायाचं नाही मला. लोकाला मागं ऱ्हायलेलं हेच ऐकू येईल." मुलाने खूप समजावलं. त्या चपला घालायला लागल्या.

तेव्हा मी म्हटलं, "मावशी, एकदाच थांबा." माझ्याकडे रेडिओच्याच काळातला एक माइक आहे. आत धातूची अगदी पातळ पट्टी असते, आवाजाने ती थरथरते. तो आवाजाच्या धारा बोथट करतो. मग आवाज जातो जुन्या मिक्सरमधल्या ट्रान्सफॉर्मरमधून, आणि तिथे आणखी थोडा मऊ पडतो. यात जादू नाही. जुन्या यंत्रांना बारीक टोकं नीट झेलता येत नाहीत एवढंच, आणि कधी कधी ते बरं असतं. पुन्हा त्याच चार ओळी घेतल्या आणि ऐकवल्या. घोगरेपणा होता, पण आता तो वयाचा वाटत होता, दुखण्याचा नव्हे.

मावशी बराच वेळ ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यो हाय मपला. ह्याच्यात गाते. पण त्या डब्बीत मपला आवाज नको. आधाराला म्हणून सुद्धा नको. शब्द द्या."

मी शब्द दिला. देताना मला कळत होतं की मी कशाला हो म्हणते आहे. ज्या यंत्राच्या डाव्या बाजूचा भरवसा नाही, ज्याचा एकच पॉवर सप्लाय आहे आणि तोही उन्हाळ्यात हात लावू देत नाही इतका तापतो, त्याच्यावर पुन्हा न होणारी गाणी घ्यायची आणि खाली दुसरा आधार ठेवायचा नाही. रेडिओत असताना असं कुणी केलं असतं तर मीच त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

मलकापूरहून रफिकभाईंना बोलावलं. बँडवाल्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. मावशींना दोन दिवस गळ्याला विश्रांती द्यायला सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिक्सरचा तळ उघडला. डाव्या बाजूची बटणांची प्रत्येक पट्टी काढून पुसली, सांधे पुन्हा जोडले, संशय येईल तो भाग बदलला. चालू केला की सुई शांत. ठोकून पाहिलं, शांत. तापू दिला, शांत. एकदा रफिकभाई चहाचा कप उचलायला वळले आणि पाठीमागे तडतड झाली. वळून बघतात तर शांत.

"मॅडम, बीमारी है, मगर हम देखते हैं तब चुप बैठती है," ते म्हणाले. शेवटपर्यंत काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर एकदाही आवाज आला नाही. जाताना मी त्यांना विचारलं, "गया क्या?" त्यांनी अवजारं पिशवीत भरली आणि म्हणाले, "आपको झूठ बोलूँ क्या?"

दोष सापडला असता तर मला झोप लागली असती. न सापडता गेलेला दोष घरात शिरून दिसेनासा झालेल्या सापासारखा असतो. तो गेला म्हणायचं कुणी?

एवढंच करता येत होतं की बाजू बदलायची. स्टुडिओ सुरू केल्यापासून आवाज डावीकडे घेत आले, यावेळी मावशींना उजवीकडे ठेवलं आणि वाद्यं डावीकडे. तडतड झालीच तर पेटी-ढोलकीचं नुकसान होईल, गाणं वाचेल. ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीची सकाळ ठरली. सरांनी लाइनमनला घरी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "बाबू, उद्या सकायी काही काम काढू नको. दुपारी पाहिजे तेवढं काढ." पॉवर सप्लायवर वारा घालायला पंखा चालणार नव्हता, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ त्याच्याजवळ ठेवावा का, असंही त्यांनी विचारलं. विजेजवळ पाणी नको म्हणून मी ओरडले. मग मलाच वाईट वाटलं.

मावशी आल्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि खरं ते सांगितलं. मशीन मध्येच दगा देऊ शकते, नक्की बरी झाली असं मी म्हणू शकत नाही, डबीला परवानगी दिलीत तर माझा जीव शांत होईल.

"शब्द दिला नव्हं?"

"दिला."

"मग. मपल्या गळ्याचं तरी कुठं कोणाला सांगता येतं? लावा."

पण अजून एक राहिलं होतं आणि ते मशीनपेक्षा अवघड होतं. भास्करदादांनी पेटी उघडून बोट पुन्हा काळी चारवर ठेवलं. त्या उंचीवर मावशींचा गळा दुसऱ्या गाण्यालाच फाटणार हे मला आणि गौतमला कळत होतं. मी म्हटलं, "मावशी, पट्टी थोडी उतरवू. पांढरी चारमध्ये गा."

त्यांची मान ताठ झाली. "आम्ही उभ्या जन्मात खाली गाईलो न्हाई. मांडव गाजला पायजे, असं किसनराव म्हणायचे."

"आज मांडव नाही मावशी. इथे माइक हातभर अंतरावर आहे. गाजवायचं माझ्याकडे लागलं. तुम्ही घरात बसून त्यांना म्हणून दाखवायच्या तसं म्हणा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जास्त बोलले असं मला वाटलं. बाहेर लग्नाची गाडी हॉर्न वाजवत गेली. मग भास्करदादांनी, ज्यांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे, स्वतःच बोट खाली सरकवलं आणि पांढरी चारचा सूर हलकेच धरला. इतका हलका सूर त्यांनी कित्येक वर्षांत धरला नसेल. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गायला लागल्या.

पुढचा वेळ मी सुयांकडे बघत काढला. खरं तर गाणं ऐकायला हवं होतं. उजवी सुई मावशींच्या श्वासाबरोबर उठत होती, बसत होती. डावीकडची ढोलकीबरोबर उडत होती आणि प्रत्येक उडीला मला वाटायचं, आता. स्टॅबिलायझर टक् करून वाजला की नजर पॉवर सप्लायकडे जायची. बंद खोलीत घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात उचलला तर दांडीला धक्का लागेल म्हणून पुसला नाही. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यानंतर सरांनी दाराच्या फटीतून पाण्याचा तांब्या आत सरकवला. चौथं गाणं रस्त्याच्या खडीवर काम करणाऱ्या बायांचं होतं, आणि त्याचा ठेका असा की मीही एक क्षण सुया विसरले.

पाचवं गाणं किसनरावांनी वस्तीतली पहिली मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली तेव्हा रचलेलं :

पेपराला निघाली गं वस्तीची ती लेक,
हातामंदी पेन निळा, डोळ्यांत सपान एक.

पहिलं कडवं संपताना हेडफोनमध्ये खालून एक गुणगुण सुरू झाली. पॉवर सप्लाय तापला की असा कण्हतो. सोबत जळक्या वार्निशचा वास. थांबवावं का? थांबवून थंड करायचा म्हणजे दुपार होणार, आणि मावशींचा गळा तेवढा टिकणार नव्हता. न थांबवावं तर मिक्सर कोणत्याही ओळीला मुका होणार. माझा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात डावीकडे तडतड सुरू झाली. ढोलकीच्या प्रत्येक थापेमागे एक तडतड. उजवी बाजू स्वच्छ होती. मी चालू ठेवलं.

शेवटच्या कडव्याला, मुलगी गावात परत येते तिथे, सूर वर जातो. मावशी वर गेल्या आणि आवाज तुटला. भास्करदादा वाजवतच राहिले. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं, का त्यांनी मुद्दाम सांभाळून घेतलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एक आवर्तन नुसती पेटी गेली. मग मावशींनी तीच ओळ खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी घेतली आणि गाणं पूर्ण केलं. मी दांडी पुढे ढकलून माइक बंद केला, मिक्सरचा खटका बंद केला आणि पहिल्यांदा डोळे पुसले.

"सहावं हाय अजून," मावशी म्हणाल्या. म्हणजे म्हणायला गेल्या. ओठ हलले, पण आवाज फक्त शेवटच्या शब्दाला आला.

पाच गाणी मिळाली. पाचव्यातली तडतड मी नंतर बसून, एक एक थाप पुसत, बरीचशी काढली. तुटलेला सूर मात्र गौतमनेही काढा म्हटलं नाही आणि मीही काढला नाही. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव सुखरूप आहे एवढा निरोप त्याने पाठवला. आवाजाचं त्याने लिहिलं नव्हतं. मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. "विचार की," सर म्हणायचे. "फोन का चावते?" पण विचारलं नाही तोवर दोन्ही शक्यता जिवंत होत्या. पॉवर सप्लाय दुरुस्तीला रफिकभाईंकडे गेला होता. खोलीला मी कुलूप घातलं होतं.

मग एका दुपारी गौतमचा नंबर वाजला. मी उचलला. पलीकडून जाड, फुटका, पुरुषासारखा आवाज : "जय भीम."

"जय भीम गौतम. घसा बसला का रे? आई कशा आहेत?"



"गौतम न्हाई. मी हाय."

रेडिओत इतकी वर्षं आवाज ओळखायचा पगार घेतला आणि हा ओळखला नाही. मी काहीतरी पुटपुटले. त्याच म्हणाल्या, "घाबरलात व्हय? मीबी पहिल्या दिशी घाबरले. म्हनलं, हे कोण बोलतंय मपल्या तोंडातून."

"मावशी, दुखतं का?"

"दुखत न्हाई. गाता येत न्हाई." हे त्यांनी, बाजारात आज वांगी आली नाहीत म्हणावं, तसं सांगितलं. मग खोकल्या आणि पुढे म्हणाल्या, "काल वस्तीत कार्यक्रम झाला. पोरांनी तुम्ही घेतलेली गाणी लावली, स्पीकरच्या मोठ्या पेट्यांवर. मी मागं बायांत बसले होते. अंधार होता, माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. पुढली म्हातारी म्हणती कशी, सुभद्रा आज लई गोड लागलीय, नेहमीसारखी वरडत न्हाई. मी म्हनलं, व्हय, आज तिचा गळा बरा हाय."

आणि त्या हसल्या. नव्या आवाजातलं ते हसणं ऐकायला मला सवय नव्हती. त्यांनाही नसावी, कारण त्या मध्येच थांबल्या.

मग म्हणाल्या, "ते सहावं राहिलंय. चाल भास्करच्या बोटात हाय. शब्द मपल्यापाशी हायेत. गाणार न्हाई, म्हणून दाखवीन. घेता का?"

"घेते. पॉवर सप्लाय आला की कळवते," मी म्हणाले. मग इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "सकाळीच या. सकाळी आवाज चांगला असतो."

शब्द निघून गेल्यावर मी डोळे मिटून घेतले.

"आता सकाळ-दुपार काय न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "दिवसभर ह्योच असतो. तुमच्या मशीनला कवा जमतंय, ते सांगा."